चुन्याखालचा हात

नारायणमामा गेल्याचा निरोप घेऊन मामाच्या गावचा, भोसरीचा माणूस दारात आला, तेव्हा मी मामाकडेच जायला पिशवी भरत होते... आदल्या दिवशी निघाले असते तर भेट झाली असती. त्या चुटपुटीला आता औषध नाही.

बेचाळीसच्या चळवळीत मामा आणि त्याचा जिवलग करीम एकाच कोठडीत होते, चाकणच्या अलीकडे गोऱ्यांनी बांधलेल्या जुन्या तुरुंगात. करीम तिथेच तापाने गेला. जाण्याआधी विटेची पूड पाण्यात कालवून त्याने भिंतीवर आपला पंजा उमटवला होता. करीमचा फोटो असा कुठे नव्हताच. मागे उरला तो एवढा हात. पुढे स्वराज्य आलं आणि काही वर्षांनी तो तुरुंग लोकांना बघायला खुला करायचं ठरलं. मामाला कोण आनंद! घरचं कार्य असल्यासारखा तो राबला. आणि आपल्याकडे कार्य म्हटलं की आधी चुना... मामाने स्वतः कुंचला धरून सगळा तुरुंग लख्ख पांढरा केला. कोठडीतल्या अंधारात, उत्साहाच्या भरात, त्या भिंतीवरूनही कुंचला फिरला.

उद्घाटनाला करीमची म्हातारी आई आली. हारतुरे, भाषणं राहिली बाजूला. ती थेट कोठडीत शिरली. "नारायणा, कुठं हाय रं माझ्या पोराचा हात?" मामाने तिचा हात धरून भिंतीवर टेकवला. "हितं हाय, चाची. चुन्याखाली... म्याच झाकला." पांढरा झालेला तळवा पदराला न पुसता ती तशीच घरी गेली.

त्यानंतर दर रविवारी मामा सायकलवरून तिकडे जाई आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती कोरी भिंत दाखवून आपली चूक सांगे. स्वतःच्या घराला मात्र त्याने पुन्हा चुना लावू दिला नाही. दिवाळी येवो, लग्न निघो, भिंती काळ्याच. "पानाला बरा चालतोय चुना!" मामी कुरकुरायची. मामा हसायचा नाही. फार वाईट वाटायचं त्याच्याकडे बघून.

दिवसकार्य उरकल्यावर मामीने पिंपात चुना भिजत घातला. "आता तरी घर उजळू दे," म्हणाली. आम्ही दोघी एकेक भिंत पांढरी करत खाटेपाशी आलो. तिथे मामा टेकून बसायचा. त्याच्या डोक्याच्या तेलाचा काळपट डाग भिंतीवर होता. मामीने त्यावर तळवा टेकवला... बराच वेळ. मग कुंचला बादलीत सोडून म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं येवढी भिंत."