वाढत गेलेले शिवराक वार

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेडण्याच्या मासळी बाजारात होतो. घेतलेली मासळी तिथंच टाकून निघालो... त्याला आता महिना होऊन गेला. एवढ्यात लिहायचं नव्हतं. पण शोकसभेत जे ऐकलं, त्याचा इतका वीट आलाय की गप्प बसवत नाही.

दत्ताराम माझा पार्सेच्या शाळेतला सोबती. मी काजूच्या बागायतीत राहिलो, तो अर्थशास्त्र शिकून पणजीच्या एका संस्थेत कंत्राटी संशोधक झाला. लोक काय विकत घेतात आणि अडचणीत आल्यावर आधी काय सोडतात, हा त्याचा विषय. खाणी बंद पडल्यावर डिचोलीच्या गावांत स्वस्त मासळीची सरकारी गाडी फिरवावी का, हे ठरवायला पाहणी झाली आणि ती दत्ताकडे आली. माझ्या स्कूटरवर मागं बसून तो गावोगाव फिरला. मिळकत किती, असं चुकूनही विचारायचा नाही. त्याला कोण खरं सांगणार? आपल्याकडे कुणीही कुणाला विचारतं तेच, आज जेवणात मासळी कुठली, हे दारात उभा राहून विचारायचा, "आज नुस्त्याक काय गे?"

एका घरचा माणूस खाणीवर ट्रक चालवायचा. त्याची बायको म्हणाली, "आज शिवराक. आमी आता बुधवार पाळतंव." मासळी न खाण्याचे सोमवार, गुरुवार आपले नेहमीचे, बुधवार मी ऐकला नव्हता. पुढच्या घरी मंगळवार निघाला, त्यापुढे शनिवारही. गाव भलतंच देवभोळं झालंय, म्हणत मी हसलो. परतताना पाणी प्यायला त्याच बाईकडे थांबलो, तर घरभर बांगड्याच्या हुमणाचा, म्हणजे कालवणाचा वास. तिचा भाऊ म्हापशाहून बांगडे घेऊन आला होता. ती शरमेनं अर्धी झाली. दत्ता पटकन म्हणाला, "पावणो इलो मगे? मग देव कित्याक रागावतलो?" बाई हसली, आम्हालाही वाटी वाटी हुमण दिलं. स्कूटरवर बसल्यावर मात्र म्हणाला, "व्रत न्हय रे ह्यां. पैसे नाय."

हेच त्यानं अहवालात लिहिलं. शिवराक वार तंगीमुळे वाढलेत, लोक लाजेनं देवाचं नाव पुढं करतात, गाडी लगेच सुरू करा. वरच्या साहेबांनी वार ठेवले आणि कारण बदललं. ग्रामस्थांची धार्मिक वृत्ती वाढल्याने मासळीला मागणी नाही, सबब गाडीची गरज नाही! हा हलकटपणा इसवणाच्या, म्हणजे महागड्या सुरमईच्या भरपेट जेवणानंतर सुचला असणार, अशी माझी खात्री आहे. दत्तानं सही केली नाही. पुढचं कंत्राट त्याला मिळालं नाही, ते का हे कुणी सांगितलंही नाही. मग घरीच शिकवण्या घेत राहिला, आणि एका सकाळी छातीत कळ येऊन गेला.

शोकसभेला तोच साहेब हार घेऊन हजर. "आपला ग्रामीण माणूस किती श्रद्धाळू, किती समाधानी आहे, हे दत्तारामजींच्या संशोधनानं दाखवून दिलं." टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! "खोटं आहे हे," असं मी उभा राहून ओरडलो. शेजारच्यानं खांदा दाबून बसवलं, भावना समजतात म्हणाला. साहेब नंतर चहाबरोबर दोन सामोसे खाऊन गेला. गाडी अजूनही फिरलेली नाही.

परवा दत्ताच्या घरी गेलो. सुतक केव्हाच फिटलंय. शुभदा वहिनी म्हणाली, "जेवन जावा भावजी." त्या घरात कधी कुठला वार पाळलेला मी पाहिला नाही. उलट गाव शिवराक असलं की मासळी स्वस्त मिळते म्हणून दत्ता सोमवारीच मोठी पिशवी भरून आणायचा. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "नुस्त्याक काय, वहिनी?"

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. "आज मंगळवार न्हय? आमी आता पाळतंव."

मी डाळभात जेवलो, आणि छान झालीय म्हणून पुन्हा एकदा डाळ मागून घेतली.