मावशीच्या हातचा बूट

चंद्रभागा तीस वर्षं पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या एका छोट्या कारखान्यात बुटांना तळ चिकटवते आहे. नव्याने आलेल्या बायकांना ती एवढंच सांगते, "दोन्हीकडं सोल्युशन लावा आन् वाईच सुकू द्या. ओलं असताना दाबलं की निसटतंय."

बिजवर उत्तरेश्वरशी तिचं लग्न झालं तेव्हा त्याचा मुलगा आयुष चार वर्षांचा होता. त्याचा डावा पाय जन्मापासून दीड इंच आखूड. बालवाडीतली मुलं चिडवायची म्हणून तो घराबाहेर पडेना. चंद्रभागाने कारखान्यातून रबराचे तुकडे मागून आणले, थरावर थर चिकटवून त्याच्या डाव्या बुटाचा तळ उंच केला. पोर दारापुढे सरळ चाललं, तेव्हा उत्तरेश्वर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग पाय वाढेल तसा दरवर्षी नवा जोड.

आयुष तिला मावशी म्हणायचा. "आई म्हणायला शिकव की," शेजारणी म्हणत.

"त्याची आई हाय फोटोत."

एकदा तापात त्याने "आई" अशी हाक मारली. ती "ओ" देत धावली. तो फोटोकडे बघत होता.

आयुष इंजिनिअर झाला, खराडीत नोकरीला लागला. गेल्या वर्षी उत्तरेश्वर वारला. पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेली माणसं गेल्यावर सतरंजी गुंडाळता गुंडाळता आयुषने विचारलं, "मावशी, आता तू तुझ्या गावाला, मामांकडे जाशील ना? मी येईन सोडायला."

त्यात वाकडं काही नव्हतं. त्याला काळजीच होती. तेच तिला जास्त लागलं.

"माझं काम हितंच हाय," ती म्हणाली.

तो खराडीला राहायला गेला. जानेवारीत तिने नवा जोड तयार करून त्याला बोलावलं. तो आला, पायात मापाने बनवून घेतलेले नवे बूट.

"डॉक्टरांनी सांगितले म्हणून घेतले. खूप हलके आहेत. आता तुला त्रास नको."

"तरास कसला," म्हणत तिने चहा ठेवला. स्वतः केलेला जोड पिशवीतून काढलाच नाही.

परवा कारखान्यात विम्याचे फॉर्म भरून घेत होते. जवळचं माणूस कोण, म्हणून कारकुनाने विचारलं. तिने आयुषचं नाव सांगितलं.

"तुमचा कोण लागतो?"

चंद्रभागा बोटावरचं वाळलेलं सोल्युशन नखाने खरवडत राहिली. मागे रांग खोळंबली होती.

"नाव लिवा," ती म्हणाली. "नात्याचं त्याला इचारून सांगते."

अजून तिने विचारलेलं नाही.