आत्यानं गिटारची मान घासली

माझी आत्या दातांच्या कवळ्या बनवते. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात आणि ती दवाखान्यामागच्या खोलीत, खिडकीपाशी बसून, मेणात एकेक दात बसवते. तिचे हात एवढेसे आहेत. मी दहा वर्षांची झाले तेव्हाच माझे तिच्याहून मोठे झाले. कवळ्यांच्या कामात असे हात म्हणजे वरदान. गिटारच्या वर्गात मात्र त्यांवरून तिला जे ऐकून घ्यावं लागलं, ते आठवलं की माझं डोकं आजही तापतं.

सेहेचाळिसाव्या वर्षी ती शिकायला लागली. वरच्या वर्गात जायचं तर एफ कॉर्ड यायलाच हवी, असा सरांचा नियम. पहिल्या बोटानं सहाही तारा एकदम दाबायच्या आणि उरलेल्या बोटांनी त्यांतल्याच तीन तारा थोड्या पुढे धरायच्या. वरच्या वर्गात सगळे मिळून वाजवायचे, आणि आत्याला तेच हवं होतं. एकटीनं वाजवून कंटाळलेय, म्हणायची. पण दोनदा ती नापास झाली. तारा नुसत्या थडथडायच्या. दुसऱ्या खेपेला सर म्हणाले, "हात दाखवा बघू." तिनं दाखवला. हात दाखवून अवलक्षण! सरांनी सगळ्यांसमोर आपला पंजा तिच्या पंजाला लावला.

"बाई, देवानंच कमी दिलंय, त्याला मी काय करू? महिन्यानं शेवटची संधी देतो, पण कशाला उगाच?"

सगळे हसले. मी वरच्या वर्गात होते आणि तिथेच बसले होते. मीही हसले. त्याची लाज मला अजून वाटते.

घरी बाबांनी सरांचीच री ओढली. "ताई, पुरे आता. हौस फिटली ना?"

तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. रविवारी दुपारी तिनं कामावरचं गुलाबी मेण आणलं, गरम पाण्यात मऊ केलं आणि गिटारच्या मानेला, म्हणजे तारांखालच्या त्या लांब दांड्याला, मागून लपेटलं. मग एफ धरली आणि जोर लावला. हात काढून मेणावरचे ठसे तिनं नीट पाहिले.

"हे बघ गं. बोटं पुरतात माझी! ही मान मागून ओंडक्यासारखी गोल आहे. दोन्ही बाजूंचा फुगवटा तळहाताला मागे ढकलतो, म्हणून बोट तारांवर आडवं पडत नाही."

"मग आता?"

"आता काय? कवळी टोचली तर आपण हिरडी तासतो का?"

तिनं तारा उतरवल्या आणि कानस काढली. बाबा ओरडले, "वेड लागलंय का? आत पोलादी सळई असते. ती लागली की गिटार भंगारात!" खरंच होतं ते. आणि तिच्याकडे दुसरी गिटार नव्हती.

"सळई मधोमध आहे. मी बाजूचं काढतेय," ती म्हणाली. "तू उजेडातून बाजूला हो."

दोन आठवडे ती घासत होती. चार हात मारायचे, जाडी मोजायची, पुन्हा मेण लावून बघायचं. स्वयंपाकघरभर भुसा. मानेचं वार्निश गेलं, लाकूड उघडं पडलं, पण फुगवटा गेला.

परीक्षेला तिनं एफ धरली. सहाही तारा स्वच्छ वाजल्या. कुणी हसलं नाही. सरांनी मात्र गिटार उलटी करून तिची मान पाहिली.

"गिटार कापून वाजवलेली एफ मी ग्राह्य धरत नाही. वर्गातल्या गिटारवर वाजवा. नाचता येईना, अंगण वाकडं!"

"अंगण वाकडंच आहे, सर. मोजून बघितलंय मी. तुमच्या मापाचं आहे म्हणून तुम्हाला सरळ दिसतं."

सरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी कागदावर 'नापास' लिहिलं.

सोमवारी मी वरच्या वर्गात पोचले, तर आत्या पहिल्या रांगेत, गिटार मांडीवर घेऊन बसलेली. मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

"तुम्ही इथे कशा?" सरांनी विचारलं.

"वाजवायला आलेय."

"तुमचं नाव नाही इथे. उठा."

"उठवून दाखवा."

सर वही उघडून हजेरी घ्यायला लागले. शेवटचं नाव झालं, वही मिटली, आणि आत्या खणखणीत आवाजात म्हणाली, "हजर!"