मामांची काळी चार

बेळगाव ते निपाणी या पट्ट्यात गळ्याला इतकं जपणारा माणूस दुसरा झाला नाही, आणि गळ्यावर इतका जुलूम करणाराही. हे माझ्या बायकोचे मामा. भर मे महिन्यात मफलर, लग्नात श्रीखंड वर्ज्य, आइस्क्रीमच्या दुकानावरून जाताना नाकाला रुमाल. आणि गायला बसले की पेटीची काळी चार! एवढ्या उंच पट्टीत बाकीच्यांची शिंकसुद्धा फाटेल. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत नोकरी केली, तिथल्या खडखडाटावर आवाज चढवूनच रियाज झाला. वन्स मोअर तर हक्काचा, कुणी मागो न मागो. निपाणीला एका बारशात त्यांनी पाळण्यापाशी नाट्यपद लावलं. बाळानं भोकाड पसरलं. "बघा, पोराला बी पुन्हा पाहिजे," म्हणत मामांनी पद पहिल्यापासून धरलं!

पेटीवर कायम मामी. मामा रागावोत, रुसोत, पेटीची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली नाही. गेल्या वर्षी मामांच्या घशाचं ऑपरेशन झालं. बोलणं परत आलं, गाण्याची खात्री मात्र डॉक्टर देईनात. मामांनी जाहीर केलं, "हिंडलग्याच्या गणपतीत म्हणतो. वरचा सा लागला तर लागला. न्हाय तर गाणं कायमचं बंद." ही चेष्टा नव्हती.

त्या संध्याकाळी मीच दोघांना गाडीतून नेलं. मांडव गच्च भरलेला. मामांनी मफलर आणखी घट्ट गुंडाळला. पण पद सुरू झालं आणि काय सांगू, वरचा सा अलगद लागला! लोक उठून उभे राहिले, "वन्स मोअर!"चा नुसता गजर. मामांचा चेहरा मात्र पडला. ते मामींकडे वळले.

"पट्टी उतरवलीस व्हय गं?"

मामींनी मान खाली घातली. तबलजी उगीच हातोडी शोधू लागला. मामी आणि तबलजी, दोघांनी संगनमतानं सूर खाली घेतला होता, आणि धास्तावलेल्या मामांना ते वर पोचेपर्यंत उमगलंच नव्हतं.

"काळी चार दे."

"अहो, साकु आता!" घाबरल्या की मामी कन्नडात शिरतात. "पुरं झालं."

"दे म्हणतो न्हवं."

तबलजीनं मुकाट्यानं पिशवीतून दुसरा तबला काढला. काळी चारचाच. मामांना तोही पुरता ओळखून होता. मामांनी मफलर सोडून मांडीवर ठेवला. गळ्यावरची शिवण लख्ख दिसत होती. ते गायले. वर जाताना आवाज चिरला, थरथरला; वाटलं, गेला. गेला नाही! तो तिथं पोचला आणि थांबला, फाटका, पण अगदी सुरात. मी थोरामोठ्यांच्या मैफली ऐकल्यात, पण अंगावर असा काटा कधी आला नाही. टाळी वाजवायचं कुणाला सुचेचना.

परतताना दोघं गाडीत मागच्या सीटवर बसले. मग मागून मामांचा आवाज आला, "लोकांसमोर माझी फजिती हुईल म्हणून भ्यालीस?"

"लोकांचं काय घेऊन बसलाय?" मामी म्हणाल्या. "सा लागला नसता तर तुम्ही गाणं सोडणार होता. मग घरात मी कुणाचं ऐकायचं?"

मामांनी मामींचा हात हातात घेतला. मी गाडीचा आरसा जरा वर फिरवला आणि रस्त्याकडे बघत राहिलो.