गंगेच्या वाटणीचा गूळ

माझा देवावर विश्वास आहे, पण त्याच्यावर सोपवून स्वस्थ बसावं इतका तो कधीच नव्हता. रोज पूजा करते, दिवा लावते, आणि हात जोडून झाले की गॅस बंद आहे ना, दाराला कडी आहे ना, हे पुन्हा पुन्हा बघते. आमचे हे म्हणतात, तुझ्या घरात देव नुसता पाहुणा आहे, बिचाऱ्याला कामाला हात लावू देत नाहीस. मी हसून सोडून देते. पण खरं सांगायचं तर काळजी करणं हीच माझी खरी पूजा होती. आपण काळजी करतो म्हणून घर उभं आहे, असं मला मनोमन वाटायचं.

गेल्या वर्षी माझ्या छातीत गाठ निघाली. तुकडा काढून तपासायला दिला आणि रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते आम्हा दोघांनाच ठाऊक. मी ऑफिसला जात राहिले, स्वयंपाक करत राहिले आणि रात्री भिंतीकडे तोंड करून रडत राहिले. रिपोर्ट चांगला आला, साधी गाठ होती. त्या संध्याकाळी यांनी सांगितलं, मी गंगेला नवस बोललोय. आमच्याकडे गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. शहागडहून नावेने निघायचं, भर पात्रात गंगेची ओटी भरायची आणि काठाकाठाने तीन गावच्या महादेवांचं दर्शन घ्यायचं, असा तो नवस होता. अंबडच्या कोर्टात सगळी नोकरी काढलेला हा माणूस. मी देवळात गेले की बाहेर चपला सांभाळत उभा राहणारा. तो नवस बोलला म्हटल्यावर मला भरून यायला हवं होतं. माझ्या डोक्यात मात्र आधी आलं ते एवढंच की यांना पोहता येत नाही, आणि यांना शुगर आहे.

यांना बरीच वर्षं शुगर आहे. सकाळच्या खाण्याआधी इन्सुलिन घ्यावं लागतं आणि ते मीच देते. घेतल्यावर लगेच खायला हवं, नाहीतर साखर एकदम उतरते आणि माणूस बेशुद्ध पडतो, प्रसंगी जातोसुद्धा. म्हणून ग्लुकोजच्या पुड्या माझ्या पर्समध्ये कायम असतात. देवाच्या फोटोशेजारी त्या पुड्यांचा फोटो लावायचा तेवढा बाकी होता.

थंडीचे दिवस होते. नवस फेडायला पहाटेच गाडीने निघालो, वडीगोद्री मागे पडली तेव्हा कुठे उन्हं वर आली. शहागडला हायवेच्या कडेला एका टपरीवर पोहे सांगितले, तिथेच बाकावर यांना इंजेक्शन दिलं आणि पोहे समोर येताच मी ओटीसाठी फुलं घ्यायला गेले. परत आले तर यांची प्लेट रिकामी. खाल्ले ना, म्हणून विचारलं. हे म्हणाले, हो. निघताना म्हणाले, तुझी पर्स चामड्याची आहे, ओटीजवळ चामडं नको. बरोबरच होतं. मी पर्स गाडीत ठेवली, फोनही त्यातच राहिला, आणि ओटीची कापडी पिशवी तेवढी घेतली. दशम्यांचा डबाही गाडीतच ठेवला, कारण दुपारच्या आत परत यायचंच होतं.

नाववाला बाबूराव हा शहागडचाच, मासे धरणारा. लाकडी नाव, मागे लहानसं इंजिन. मी त्याला नाव किती जुनी, इंजिन कधी दुरुस्त केलं, पाणी किती खोल, असं सगळं विचारून घेतलं. त्याने शेवटी कंटाळून ट्रकच्या चाकाची फुगवलेली ट्यूब काढली आणि ती मी यांच्या गळ्यात घातली. त्या अवतारात हे गंगेला नमस्कार करत होते आणि बाबूराव तोंड फिरवून हसत होता. भर पात्रात मी ओटी सोडली. नारळ, खण, तांदूळ, खारका, सगळं पाण्यावर जरा वेळ डुललं आणि मागे गेलं. मला बरं वाटलं, पण क्षणभरच.

पहिल्या गावचा घाट चढून आम्ही महादेवापुढे बसलो. पुजाऱ्यांनी हातावर पेढे ठेवले. यांच्या हातावरचा मी नेहमीसारखा उचलला आणि माझ्या तोंडात टाकला. पुजाऱ्यांच्या घरून चहा आला, तोही यांना शुगर आहे सांगून परत पाठवला. हे उलट सुटल्यासारखे दिसले. मला वाटलं, चला, आता पथ्य अंगवळणी पडलं.

दुसऱ्या गावाकडे निघालो तेव्हा पात्र रुंद झालं आणि जागोजागी जलपर्णीचे हिरवे तांडे दिसू लागले. त्यातला एक टाळता टाळता इंजिनाचा पंखा मुळांत गुंतला आणि इंजिन बंद पडलं. बाबूराव वाकून मुळं कापू लागला. तेवढ्यात हे त्याच्यावर खेकसले. माझा नवरा कुणावर खेकसणारा माणूस नाही. मी वळून पाहिलं तर त्या गार हवेत त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता. सदरा पाठीला चिकटला होता आणि बोटं थरथरत होती.

"अहो, पोहे खाल्ले होते ना?"

त्यांनी बाहीने घाम पुसला. मग जीभ जड झालेल्या माणसासारखं म्हणाले, "तिन्ही दर्शनं झाल्याशिवाय खायचं नव्हतं. नवसच तसा बोललो होतो. प्लेट शेजारच्या ड्रायव्हरला दिली."

इंजेक्शन नको म्हटलं असतं तर मी निघूच दिलं नसतं, म्हणून तेही मुकाट्याने घेतलं होतं. पोटात कालपासून अन्न नाही आणि अंगात इन्सुलिन. मी सवयीने खांद्यावरची पर्स चाचपायला गेले. पर्स गाडीत. डबा गाडीत. खारका आणि नारळ गंगेच्या पोटात. आणि यांच्या वाटणीचा पेढा माझ्या पोटात. बाबूरावाकडे तंबाखूशिवाय काही नव्हतं. त्याने भावाला फोन लावला, पण दुसरी नाव शहागडहून निघून यायला वेळ लागणार होता. दोन्ही तीरांवर नजर जाईल तिथवर ऊस उभा होता आणि माझ्या नवऱ्याला चिमूटभर साखर मिळत नव्हती.

बाबूरावाने इंजिनाचा नाद सोडला आणि वल्हं हातात घेतलं. जलपर्णी बाजूला सारत तो काठाकडे नाव रेटू लागला. मी यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ते काहीतरी असंबद्ध बोलत होते, कोर्टातल्या कुठल्या तारखेबद्दल. मग तेही थांबलं. डोळे अर्धवट मिटले. मी हाका मारत होते, गालावर मारत होते. आयुष्यभर मी देवाशी बोलले ते त्याला सूचना दिल्यासारखं. याला सांभाळ, त्याला पास कर, याची गाडी नीट पोचू दे. त्या वेळी एकही सूचना सुचेना. मी गंगेत हात बुडवला आणि म्हणाले, आई, मला जमत नाही, तूच बघ. त्याहून जास्त काही म्हटल्याचं आठवत नाही.

उसाचा पट्टा संपला तिथे उतारावर मेंढ्या दिसल्या. त्यांच्या पुढे पाण्याशी एक बाई उभी होती. साठीची असेल, धनगराची. डोक्यावरून पदर, हातात पितळेचा तांब्या आणि फडक्यात झाकलेली टोपली. बाबूरावाने लांबूनच ओरडून विचारलं, मावशे, काही गोडधोड हाय का, माणसाची शुगर उतरलीय. ती काही न विचारता पाण्यात शिरली, नावेचं टोक धरलं आणि टोपलीवरचं फडकं काढलं. आत मलिदा होता, गूळ घालून कुस्करलेली पोळी, आणि वर गुळाचा मोठा खडा. त्यावर हळद-कुंकू आणि एक फूल. तो गंगेचा नैवेद्य होता. देवाला दाखवल्याशिवाय नैवेद्याला कुणी बोट लावत नाही, हे मला लहानपणापासून माहीत. माझा हात तसाच राहिला.

"काय बघून राह्यलीस, माय?" ती म्हणाली. "गंगामायचं मी उद्याच्याला करीन. पाणी कुटं पळून चाललंय व्हय? याचं पहिलं बघ."

तिने आपल्या हाताने खडा फोडला. मी गूळ चुरून यांच्या गालाच्या आत चोळू लागले, थोडा थोडा, घशात अडकू नये म्हणून. ती पाण्यात कमरेपर्यंत उभी राहून त्यांचं डोकं धरून होती. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग यांचे ओठ हलले. गिळलं. तांब्यातल्या पाण्यात गूळ कालवून घोट घोट पाजला. डोळे उघडले आणि त्यांनी पहिलं काय विचारलं तर, ट्यूब कुठे गेली. मी हसायला लागले आणि हसता हसता अशी रडले की बाबूरावाने वल्हं खाली ठेवून मान फिरवली.

काठावर आणून यांना बसवलं. हळूहळू त्यांनी मलिदा खाल्ला, सगळा. बाई समोर बसून बघत होती. तिची सून बाळंतपणात अडली होती, दोन्ही जीव सुखरूप सुटले, म्हणून हा नैवेद्य. सकाळपासून तीही उपाशीच होती. एरवी ती वरच्या घाटावर जाते, पण आज तिकडच्या वाटेवर उसाला पाणी सोडलं होतं म्हणून मेंढ्या इकडे वळल्या आणि त्यांच्यामागून ती. यात चमत्कार होता असं मी कुणाला पटवायला जात नाही. मेंढ्या चिखल टाळतात, एवढं मलाही कळतं.

मी म्हटलं, मावशी, तुमचा नैवेद्य आम्ही खाऊन टाकला, तुमचा नवस राहिला. माझ्याकडे तिला द्यायला काही नव्हतं, पिशवी रिकामी होती. ती उठली, ओलं लुगडं सावरलं आणि यांच्यासमोर वाकून त्यांच्या चिखलाने भरलेल्या पायांवर डोकं ठेवलं. हे दचकून पाय मागे घ्यायला लागले.

"ऱ्हाऊ द्या, दादा," ती म्हणाली. "दर खेपेला पाण्यात सोडते, ते कोण खातंय कळत न्हाई. आज गंगामायनं माझ्यासमोर बसून खाल्लं. नातवाला आशीर्वाद द्या."

यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. नुसतं पाणी येत राहिलं त्यांच्या डोळ्यांतून. मी पुढे होऊन तिच्या पायांना हात लावला. मग वळून गंगेला नमस्कार केला. खरं तर त्या वेळी नमस्कार कुणाला करायचा, तिला, यांना की पाण्याला, हे मला कळत नव्हतं, आणि अजूनही कळलेलं नाही. बाबूरावाचा भाऊ नाव घेऊन आला तेव्हा ती मेंढ्यांमागे चढणीला लागली होती. नाव-गाव विचारायचं भानच राहिलं नाही.

राहिलेली दोन देवळं आम्ही नंतर रस्त्याने जाऊन पाहिली, पोटभर खाऊन. आता इंजेक्शन दिलं की मी समोर बसते आणि पहिला घास पोटात गेल्याशिवाय उठत नाही. पर्स कापडाची घेतली आहे. उरलेलं देवावर सोडते. असं सोडायला माझ्याकडे अजूनही फार थोडं उरतं, पण पूर्वी मी तेवढंही सोडत नव्हते.