पहिली सत्तर अक्षरं

वर्तमानपत्राच्या डेस्कवर बारा वर्षं काढली की घरच्या आजारपणालाही वेळा लागतात. बाबा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा दिवसाची दोन बुलेटिनं निघायची. सकाळचं साडेअकराला, वॉर्डमधल्या नर्सचा फोन झाल्यावर. संध्याकाळचं पाचला, डॉक्टरांचा राउंड संपल्यावर. वॉर्डात नातेवाइकांना प्रवेश नव्हता. हॉस्पिटल माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर, पण बातमी मात्र फोननेच यायची.

आईबाबा नागपूरहून दोन महिन्यांसाठी आले होते. साथीमुळे सीमा बंद झाल्या आणि दोन महिन्यांचं दीड वर्ष झालं. मुक्काम सिडनीच्या ब्लॅकटाउन उपनगरात, माझ्या धाकट्या बहिणीकडे. बाबा आठवडाभर समुद्र बघायचा म्हणून माझ्याकडे वॉलॉंगॉंगला आले आणि तेवढ्यात दुसरा लॉकडाऊन लागला. ब्लॅकटाउनमध्ये नियम जास्त कडक होते. ना इकडून तिकडे जाता येत होतं, ना तिकडून इकडे. बहीण एका वृद्धाश्रमात नर्स. तिथे साथ शिरू नये म्हणून स्टाफला तीन आठवडे तिथेच राहायला सांगितलं होतं. त्यामुळे आई फ्लॅटमध्ये एकटी. वेंटवर्थव्हिलच्या भारतीय दुकानातून डाळ, तांदूळ, कढीपत्ता दाराशी येत होता.

आईला फोनवर ऐकू येत नाही. समोरच्याचं बोलणं ती ओठांवरून समजून घेते. स्मार्टफोनला तिने हात लावला नाही. व्हिडिओ कॉल व्हायचा तो बहिणीच्या लॅपटॉपवरून, रविवारच्या ऑनलाइन वंदनेनंतर. बहीण घरी नाही म्हटल्यावर तोही बंद. उरला नागपूरहून आणलेला बटणांचा फोन. त्यावर ती मराठीत मेसेज वाचायची आणि लिहायचीही, एका अक्षरासाठी तीन-तीनदा बटण दाबून. ती निवृत्त मुख्याध्यापिका. ऱ्हस्व-दीर्घ चुकत नसे.

वर्तमानपत्र सोडून मी तेव्हा एका लहान कंपनीत होते. दातांचे दवाखाने आणि गॅरेजं आमचे ग्राहक. त्यांनी ईमेल लिहायचा आणि तो पेशंटच्या मोबाइलवर मेसेज होऊन पोचायचा, ही आमची सेवा. पोचला नाही की ग्राहक चिडायचे आणि का पोचला नाही ते मी शोधायचे. बुलेटिन बहिणीला आणि नागपूरच्या मामाला ईमेलने आणि आईला मेसेज होऊन एकाच वेळी जावं म्हणून हीच सोय वापरायचं ठरवलं. बॉसला विचारलं. तो म्हणाला, "नो वरीज, मेट. गो फॉर इट."

पहिल्या दिवशी मेसेज गेलाच नाही. आईच्या नंबराआधीचं शून्य काढून देशाचा कोड लावायचा राहिला होता. दुसऱ्या प्रयत्नात तिच्या फोनवर नुसती प्रश्नचिन्हं गेली. देवनागरीसाठी वेगळी सेटिंग होती, ती चालू केली. तिसऱ्यांदा माझ्या सहीखालचं कंपनीचं चित्र आड आलं, तेही काढलं. मग "आलं का?" एवढंच पाठवलं. चौदा मिनिटांनी आईचं उत्तर माझ्या इनबॉक्समध्ये आलं: "आलं." बिघाड दुरुस्त, अशी नोंद मी स्वतःच्या वहीत केली आणि पहिलं बुलेटिन सोडलं.

इथे एक घरची रीत सांगायला हवी. डेस्कवर शिकवलं होतं की मुख्य गोष्ट पहिल्या वाक्यात. आमच्या घरी ते चालत नाही. आईच्या मते पत्र जयभीमने सुरू होतं, मग समोरच्याची तब्येत, मग आपलं काय ते. तसं न करता थेट बातमी लिहिणारं पत्र तिने आयुष्यात दोनदाच पाहिलं होतं आणि दोन्ही मयतीची होती. म्हणून माझं प्रत्येक बुलेटिन असं सुरू व्हायचं: "आदरणीय आईस सप्रेम जयभीम. नमो बुद्धाय. तुझी तब्येत बरी असेल अशी आशा आहे." त्यानंतर ताप, रक्तदाब, पित्ताशयाची सूज, जेवण, औषधं.

आईचं उत्तर दोन्ही वेळा यायचं. "जयभीम. बरी आहे." कधी, "जयभीम. बरी आहे. तू जप."

चौथ्या दिवशी बहिणीचा तिच्या ब्रेकमध्ये फोन आला.

"ताई, आई किती स्ट्राँग आहे बघ. मी टेन्शनमध्ये मेसेज केला, काळजी करू नको म्हणून. तर मलाच विचारते, जेवलीस का. नो ड्रामा ॲट ऑल."

"मलाही तेवढंच लिहिते. बरी आहे."

"बाबांचं विचारते?"

"नाही."

"रागावली असेल. बाबा समुद्र बघायला गेले ना तिला सोडून."

दोघी हसलो. नंतर मी खिडकीशी उभी राहिले. पोर्ट केंबलाच्या कारखान्याच्या चिमण्यांचा धूर सरळ वर जात होता, सिडनीची ट्रेन रिकामी निघाली होती. आईने बाबांबद्दल विचारू नये, हे नीट बसत नव्हतं. पण सेवेच्या यादीत प्रत्येक मेसेजपुढे "पोचला" असं लिहिलेलं होतं आणि मी ती यादी दिवसातून दहा वेळा उघडत होते.

आठव्या दिवशी सकाळी नर्सचा फोन लवकर आला. औषधांनी सूज उतरत नव्हती, पित्ताशय काढावं लागणार होतं. उद्या सकाळी सातची जागा मोकळी होती. बाबांची सही दुपारी चारपर्यंत हवी, नाहीतर ती जागा दुसऱ्याला आणि पुढची कधी ते सांगता येत नव्हतं. बाबा सही करत नव्हते.

मी त्यांना फोन लावला. आवाज बारीक झाला होता, हट्ट नव्हता झाला.

"तुझ्या आईला विचार. ती हो म्हणाली तर करतो."

"बाबा, पेशंट तुम्ही आहात."

"माझ्या अंगात काय चालतं काय नाही, ते मला कधी माहीत होतं? ते खातं तिच्याकडे."

साडेअकराचं बुलेटिन मी नेहमीच्या साच्यात लिहिलं. शेवटच्या ओळीत: उद्या ऑपरेशन करायचं म्हणतात, बाबा तुझं मत विचारतात, हो की नाही ते कळव. बारा वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं: "हो. जयभीम. बाबांनाही सांग."

मी लगेच बाबांना फोन केला. "आई हो म्हणाली."

"काय म्हणाली? जसंच्या तसं वाच."

वाचलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"हे ऑपरेशनचं उत्तर नाही. आज वांगी करू की भेंडी विचारलं तर ती पंधरा मिनिटं घेते. माझं पोट फाडायचं म्हटल्यावर चार शब्द? तिला काही कळलेलं नाही. तू काय पाठवतेस ते बघ आधी."

डेस्कवर दुसरं सूत्र तपासल्याशिवाय मी कधी ओळ छापायला सोडली नव्हती. इथे आठ दिवस एकाच यादीवर विसंबून होते, आणि ती यादी एवढंच सांगत होती की काहीतरी पोचलं. मी तोच ईमेल माझ्या स्वतःच्या मोबाइलवर पाठवला. फोन वाजला. स्क्रीनवर होतं:

"आदरणीय आईस सप्रेम जयभीम. नमो बुद्धाय. तुझी तब्येत बरी असेल अशी आशा आहे"

पुढे काही नाही. मी कागदावर मोजलं. इंग्रजीत एका मेसेजमध्ये एकशे साठ अक्षरं मावतात, देवनागरीत सत्तर. आणि काना, वेलांटी, जोडाक्षराचा हलन्त, मधली जागा, टिंब, हे सगळं वेगळं धरायचं. माझा मायना एकाहत्तर होता. कापला गेला होता तो शेवटचा पूर्णविराम आणि त्यापुढचं सर्व. वाक्य इतक्या नेमक्या जागी तुटलं होतं की काही तुटलंय अशी शंका कुणाला यायचं कारण नव्हतं. आई रोज दोनदा मिळालेल्या प्रश्नाचं उत्तर देत होती. बरी आहे.

कारण शोधायला पाच मिनिटं लागली. ग्राहक निबंध लिहितात म्हणून आमच्या खात्यावर एक मर्यादा घातली होती: एका ईमेलचा एकच मेसेज, उरलेलं टाकून द्यायचं. त्या चौकोनात टिक कोणी केली याची नोंद असते. नाव माझं होतं.

एक वाजून गेला होता. सेटिंग बदलून पुन्हा चाचणी घेण्यात मला रस उरला नव्हता. मी स्वतःच्या फोनवर अंगठ्याने लिहिलं: "बाबांचं पित्ताशय उद्या काढायचं म्हणतात. ते तुझं मत विचारतात." घाईत एवढंच गेलं. मायना नाही. पाठवल्यावर लक्षात आलं की तिला काय वाटेल.

आईच्या उत्तराला एरवी पंधरा-वीस मिनिटं लागायची. हे दोन मिनिटांत आलं.

"ते आहेत ना?"

"आहेत. बोलतात. हट्ट करतात. आधी जयभीम लिहायचं राहिलं, चुकले."

"कुठे आहेत?"

हॉस्पिटल, आठ दिवस, रोज दोन मेसेज, काय कापलं गेलं: हे सगळं मी चार भागांत लिहिलं. त्यानंतर तेवीस मिनिटं काही आलं नाही. मी चहा टाकला, गाळला नाही. गॅलरीत गेले, आत आले. फोनचं चार्जिंग अठ्ठ्याऐंशी टक्के असताना तो चार्जरला लावला. बहिणीला सांगितलं, ती म्हणाली, "म्हणजे मी काळजी करू नको म्हटलं ते तिला कशाबद्दल वाटलं?" आणि रडायला लागली. तिच्या मागे कोणीतरी इंग्रजीत तिला हाक मारत होतं.

दोन वाजता आईचे मेसेज सुरू झाले. एकामागून एक, पाच-सहा मिनिटांच्या अंतराने.

"डॉक्टरचं वय काय?"

"कॅमेऱ्याने करणार की पूर्ण चिरून?"

"रक्त पातळ करायची गोळी कधीपासून बंद केली? त्यांना सांगितलं का की ते ती घेतात? ते विसरतात."

मी वॉर्डला फोन करून विचारत होते आणि उत्तरं तिला कळवत होते. गोळीचं नर्सला माहीत होतं. मग तीन वाजून पाच मिनिटांनी:

"हर्नियाच्या वेळी त्यांना एका इंजेक्शनने अंगभर गांधी उठल्या होत्या. श्वास लागला होता. कागद माझ्या पिशवीत आहे. बघते."

मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "हो का? असेल. मी झोपलो होतो." भरती होताना त्यांनीच सांगितलं होतं की कुठल्या औषधाचा त्रास नाही आणि ते तसंच लिहिलं गेलं होतं.

तीन वीसला नाव आलं, एकेक अक्षर बटणांनी काढलेलं: "डायक्लोफेनॅक." मी नर्सला नाव वाचून दाखवलं, दोनदा. तिने माझ्याकडून स्पेलिंग घेतलं, म्हणाली, "गुड ऑन युअर मम," आणि बाबांच्या हाताला ॲलर्जीचा लाल पट्टा बांधायला गेली.

चारला बारा मिनिटं कमी. मी आईला लिहिलं की वेळ संपत आली. तिने शेवटचा मेसेज पाठवला: "होकार आहे. त्यांना सांग, विचार करून दिला आहे. घाबरून नाही."

तो आणि त्याच्या आधीचे सगळे मी बाबांना फोनवर वाचून दाखवले. डॉक्टरच्या वयापाशी ते हसले, हसल्याने दुखलं.

"हं. ही तीच," ते म्हणाले. "पेन द्या रे कोणी." मग इंग्रजीत तेच म्हणाले आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी पावणेअकराला सर्जनचा फोन आला. कॅमेऱ्यानेच झालं होतं, अडचण आली नव्हती. मी आईला कळवलं. जयभीम आधी आणि स्वतःच्या फोनवरून. तिने प्रश्न थांबवले नाहीत. शुद्ध आली का, टाके किती, खायला कधी देणार. मग थोड्या वेळाने एक वेगळा मेसेज आला.

"आठ दिवस मी शांत झोपले. ते मला नको होतं."

मी उत्तर लिहायला घेतलं. तीनदा सुरुवात केली, तीनदा खोडलं. त्यात तांत्रिक कारण सांगणारं एक वाक्य होतं, तेही खोडलं. तेवढ्यात वॉर्डचा फोन आला: बाबा जागे झालेत, पाणी मागतायत, देता येत नाही म्हणून चिडलेत. मी ते आधी आईला पाठवलं.