स्पॅनिश वाइनमधलं चंदन

नारायणस्वामींनी दारूचा थेंब कधी जिभेला लावला नव्हता, आणि चेन्नईच्या एका बड्या हॉटेलात पाहुण्यांना वाइन समजावून सांगण्याचा पगार ते घेत होते. हे कसं काय, असं कुणी विचारलं की स्वतःच हसत. "मी पीत नाही म्हणून बाटल्या सुखरूप राहतात. एवढीच माझी लायकी."

तंजावरकडच्या मराठी घरातला माणूस, शहरातल्याच तिरुवल्लिकेणी भागात दोन खोल्यांचा संसार. आधी ते सकाळच्या नाश्त्याला सांबार वाढत. मग मॅनेजर गुरुमूर्तींनी त्यांना काळा कोट चढवून रात्रीच्या दालनात उभं केलं. वाइनबरोबर आलेला माहितीचा कागद नारायणस्वामींनी संध्येसारखा पाठ केला.

त्यातली लाडकी म्हणजे टोरोची लाल वाइन. टोरो हे स्पेनच्या वायव्येला, डुएरो नदीकाठी. उन्हाळा भाजून काढणारा, हिवाळा हाडं गोठवणारा, पाऊस बेताचा. वाळूच्या जमिनीत बुटक्या, म्हाताऱ्या वेली. एके काळी मुळं खाणाऱ्या किडीनं युरोपभरचे मळे झोपवले, पण टोरोच्या वाळूत तिची डाळ शिजली नाही. जाड सालीची द्राक्षं, म्हणून वाइन गडद आणि अंगानं भरलेली. "कॉफीचा पहिल्या उताऱ्याचा कडक अर्क, डिकॉक्शन समजा," नारायणस्वामी सांगत, आणि फिल्टर कॉफीवर वाढलेल्या पाहुण्यांना ते तत्काळ समजे.

इथवर सगळं कागदावरचं होतं. वास मात्र त्यांनी स्वतः शोधला होता. पेला तळाशी धरून ते गोल फिरवत, आधी स्वतः हुंगत, मग अदबीनं पाहुण्याच्या नाकाखाली नेत आणि डोळे मिटून म्हणत, "चंदन. मागून थोडा कापूर." पाहुणेही डोळे मिटत आणि मान हलवत. डॉक्टरांनी हलवली, वकिलांनी हलवली, एका निवृत्त न्यायमूर्तींनी तर दोनदा हलवली. गुरुमूर्तींनी तो वास मेनूकार्डावर छापून घेतला.

२००६ साली ही टोरोची वाइन ज्या मळ्यातून येई, त्याच्या मालकीणबाई पिलार चेन्नईला आल्या. गुरुमूर्ती म्हणाले, "बाई खूश झाल्या तर तुमच्या कोटाला द्राक्षाचा बिल्ला लागला म्हणून समजा. नाही झाल्या तर सांबार आहेच." द्राक्षाच्या घडाचा तो पितळी बिल्ला म्हणजे वाइन विभागाचं प्रमुखपद. नारायणस्वामींना तो हवा होता, अगदी लहान मुलासारखा हवा होता. बिल्ला लावला की कोट कसा दिसेल, हे त्यांनी कागदाचा घड टाचून आरशात पाहूनही घेतलं होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी पेला फिरवला, पिलारच्या नाकाखाली नेला आणि मंत्र म्हटला. बाईंनी हुंगलं आणि त्या थांबल्या. दुसऱ्या पेल्यात स्वतः ओतून हुंगलं. मग पेला बाजूला ठेवून त्यांनी नारायणस्वामींचं मनगटच नाकाशी धरलं.

"हा वास आमच्या मळ्यात नाही," त्या म्हणाल्या. "हा तुमचा आहे."

धरणीनं पोटात घ्यावं असं नारायणस्वामींना झालं. पूजा आटोपली की दोन्ही मनगटांना जव्वादू चोळायचा, ही त्यांची रोजची रीत. देवळापुढच्या दुकानात मिळते ती सुगंधी पूड, चंदनाची आणि कापराची. इतकी वर्षं डॉक्टर, वकील आणि न्यायमूर्ती त्यांचं मनगट हुंगून मान हलवत होते. आणि सगळ्यांच्या आधी ते स्वतः.

"हात धुऊन या," पिलार म्हणाल्या, "आणि मग काय वास येतो ते सांगा."

साबणानं कोपरापर्यंत हात धुऊन ते परतले. समोर सांबाराची बादली दिसत होती. पाठ केलेलं सगळं पळालं होतं, म्हणून त्यांनी पेला नाकाशी नेला आणि आलं ते बोलले. "फार पिकलेली जांभळं. नव्या चपलेचं कातडं. आणि मागे कुठेतरी जळकं लाकूड."

"ते आमचं आतून भाजलेलं लाकडी पिंप," पिलार म्हणाल्या आणि हसल्या. बिल्ला त्याच रात्री मिळाला.

मेनूकार्ड नवं छापलं आणि तक्रारी सुरू झाल्या. चंदन कुठे गेलं? माल बदलला की काय? न्यायमूर्तींनी तर बाटली भेसळीची आहे म्हणून परत पाठवली. शेवटी गुरुमूर्तींनी नारायणस्वामींना बाजूला घेतलं. "उद्यापासून ती पूड लावून या. नाहीतर बिल्ला काढून ठेवा."

घरी त्यांनी बायकोला, त्रिपुरसुंदरीला, सगळं सांगितलं. खरं कळल्यावर आता खोटं कसं करू, हा त्यांचा सवाल होता. बिल्लाही सुटत नव्हता, हे त्यांनी लाजत कबूल केलं. ती पदराआड हसू लपवत म्हणाली, "तुम्हांस देवानं हात दोन दिलेत ना? एकास लावा."

तेव्हापासून जव्वादू फक्त डाव्या मनगटाला. चंदनवाल्यांसाठी डावा हात पुढे होतो. वाइनचा खरा वास कसा असतो, असं कुणी विचारलंच, तर त्याच्यासाठी उजवा राखून ठेवलेला असतो. अजून तसं कुणी विचारलेलं नाही. म्हणून दालन उघडण्याआधी, बिल्ला नीट करून, नारायणस्वामी उजव्या हातानं पेला फिरवतात आणि जांभळं, कातडं, लाकूड एकटेच हुंगतात.